उतरलेली पट्टी

"मखमल," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. "दुसरा शब्दच नाही."

बाबांच्या आवाजाला दुसरे शब्द होते. पण डॉक्टर दातांचे आहेत. लोकांच्या तोंडात हात घालून बोलायची इतक्या वर्षांची सवय. समोरचा माणूस उत्तरही देऊ शकतो हे त्यांच्या लक्षात राहत नाही. बाबांच्या चाहत्यांच्या मंडळाचे ते अध्यक्ष. बाबा जाऊन महिना होत आला होता, आणि डॉक्टर आमच्याकडे येऊन, बाबांच्याच खुर्चीत बसून स्मृतिसंध्येचा कार्यक्रम आखत होते.

माझं मागणं एकच होतं. माझ्या फोनमध्ये बाबांचं एक गाणं होतं, गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गायलेलं. ते सभागृहात ऐकवायचं होतं.

गाणं तेच, लोक ज्याला 'खिडकीचं गाणं' म्हणतात. बाबांनी ते तिशीच्या आत रेकॉर्ड केलं आणि त्यानंतर जन्मभर ते त्यांना गावंच लागलं. न्हाव्याच्या दुकानात ते लागतं, लिफ्टमध्ये लागतं, ज्यांच्या आईवडिलांचाही तेव्हा जन्म झाला नव्हता अशी मुलं ते फोनच्या रिंगला लावतात. रेकॉर्डवरचा माणूस एका दिवसानेही म्हातारा झाला नाही. बाबा झाले. वयाबरोबर गळा खाली येतो. तो पहिल्यांदा आला तेव्हा साथीला मी होते. मी कीबोर्डवरचं बटण दाबून पट्टी अर्ध्या सुराने उतरवली; बोटं त्याच जागी, सूर मात्र खालचे. बाबांनी गाता गाता माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे गात राहिले. या विषयावर आम्ही घरी कधी बोललो नाही. मग काही वर्षांनी आणखी अर्धा सूर, मग आणखी. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, ड्रम वाजवायचे. त्यांनाच तेवढं कळलं होतं. "मला काय," ते म्हणायचे, "मी सगळ्या पट्ट्यांत सारखाच बडवतो." श्रोत्यांना पत्ता नव्हता. ते घरून कानांत रेकॉर्ड घेऊनच यायचे.

ओट्यापाशी बटण नव्हतं आणि साथही नव्हती. बाबा गळा होता तिथून गायले, बरंच खालून. ओळ संपायची वाट न बघता शब्दाच्या मध्येच श्वास घेतला. गाण्यातला माणूस खिडकी लावून घेतो ती ओळ रेकॉर्डवर नुसती सुंदर आहे. इथे खिडकी खरोखर लागली. संपल्यावर म्हणाले, "हे ठेव. मी गेल्यावर ऐकव त्यांना. आत्ता ऐकवलंस तर तोंडावर कीव करतील."

बाबांचं हे म्हणणं मी डॉक्टरांना सांगितलं.

"बाळ, तू पाठवलेलं ऐकलं मी," ते म्हणाले. मी पंचेचाळिशीची आहे. "रात्रभर झोप नाही लागली. लोकांनी त्यांना असं आठवायचं?"

"असेच होते ते."

"आजारी होते."

"तेव्हा आजारी नव्हते. भांडी विसळत होते."

शेजारी बसलेले काका खाकरले. "डॉक्टर, तुम्ही कवळी बसवता तेव्हा खाली खरे दात किती उरलेत ते गावभर सांगता का?"

"नाही ना? तेच म्हणतोय मी," डॉक्टर म्हणाले. काकांची गंमत नेहमी अशी भलत्याच्या पथ्यावर पडते.

मी माझं मागणं पुन्हा सांगितलं, मग आणखी एकदा. शेवटी तेच कंटाळले. "ठीक आहे. अगदी शेवटी लावू. फाइल आमच्या साउंडवाल्याकडे दे, जरा साफ करून घेईल. मागे नळ वाजतोय."

नळ वाजत होता हे खरं. मी फाइल दिली.

सभागृह भरलं होतं. भाषणं झाली, मखमल झाली, आणि शेवटी दिवे मंद करून बाबांचं गाणं लागलं. नळ गेला होता. श्वासही गेला होता. बाबा पार वर होते, रेकॉर्डच्या पट्टीत, आणि मागे रेकॉर्डवरची व्हायोलिनं हलकेच सोडलेली. लोक रडले. माझ्या मागच्या बाई शेजारणीला म्हणाल्या, "बघ. शेवटपर्यंत आवाज जसाच्या तसा."

मी उठून साउंडवाल्याकडे गेले. "हे काय केलंत?"

"मूळ पट्टीत आणलं, मॅडम. हल्ली सॉफ्टवेअरने कळतसुद्धा नाही."

"कुणी सांगितलं होतं?"

"डॉक्टरांनी. पण ते नसते बोलले तरी मी केलं असतं. सरांचं नाव आहे शेवटी. मीही त्यांच्याच गाण्यांवर वाढलोय."

त्याचे डोळेही ओले होते. भांडायला सोयीचा माणूस त्या सभागृहात एकही नव्हता.

मी मंचावर गेले. डॉक्टर आभार मानून लोकांना जेवायला बोलावत होते. मी माइक घेतला. "आत्ता ऐकलंत ते दुरुस्त केलेलं होतं. बाबांचा आवाज हा," असं म्हणून फोन माइकला लावला.

आधी नळ, मग बाबा. काही लोक उठले होते, ते परत बसले. थोडा वेळ सगळे ऐकत होते. मग पुढच्या रांगेतले एक गृहस्थ काळजीने म्हणाले, "मोबाइलचा आवाज फाटतोय हो."

"चार्जिंग संपत आलं असेल," त्यांच्या शेजारचे म्हणाले.

डॉक्टर माइकजवळ वाकले. "मोबाइलवरचं आहे, मंडळी. गोड मानून घ्या."

"मोबाइल ठीक आहे," मी म्हणाले. "त्यांचा आवाजच असा होता."

कुणी वाद घातला नाही. घातला असता तर बरं झालं असतं. नुसते माझ्याकडे बघत होते, वडील गेलेल्या मुलीकडे बघावं तसे. बाबांना चुकलेली कीव माझ्या वाट्याला आली. मग एकेक जण मंचाशी येऊन माझा मोकळा हात हातात घेऊन जेवायला जायला लागला. एका बाईंना हुंदका आवरेना. "काय मखमली आवाज होता हो," त्या म्हणाल्या, आणि बाबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर गात होते.

गाणं संपलं तेव्हा समोर काका उरले होते.

"चल, जेवून घे," ते म्हणाले. "ऐकव म्हणून सांगितलं होतं त्याने. ते ऐकतील असं कुठे म्हणाला होता?"

"काका, जरा गप्प बसा."

ते पहिल्या रांगेत गप्प बसले. मागून सभागृहाची माणसं खुर्च्या एकात एक घालत पुढे येत होती. मी गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं.