फ्लशच्या टाकीची पैज

बाबा गेल्यापासून तीन महिने फ्लशची टाकी सारखी फुसफुसत होती. बाबा असतानाही ती फुसफुसायचीच, पण दांडी दोनदा दाबून अलगद वर उचलली की गप्प बसायची. पाहुणा आला, की तो बूट काढत असतानाच बाबा त्याला हे प्रशिक्षण देऊन टाकत. आता मात्र दांडी उचलूनही टाकी ऐकेना.

"तू माझ्याकडेच चल," लेक चौथ्यांदा म्हणाली. "एकटी काय काय बघशील?"

"लाव पैज," आई म्हणाली. "जेवणाच्या आत टाकी नीट केली, तर मी इथेच राहणार. नाही जमलं, तर मुकाट्याने बॅग भरते."

"तुझ्याने नाही व्हायचं."

"मग घाबरतेस कशाला? स्टुलावर बस, हाताची घडी घालून."

लेकीला जिंकायचं होतं. कामावरून परतल्यावर अंधाऱ्या घराचं कुलूप स्वतःच उघडणं तिला अलीकडे जड जात होतं. हे तिने आईला सांगितलं नव्हतं. त्यापेक्षा आईची काळजी पुढे करणं सोपं होतं.

आईने बाह्या सरसावल्या. भिंतीजवळचा कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, तळाचं पाणी स्पंजने टिपलं आणि टाकीखालच्या नटाला पान्हा लावला. नट हलेना. आत टेपचे वेढेच वेढे.

"हा नट आहे की सर्दी झालेला माणूस? केवढा मफलर गुंडाळलाय यांनी!"

अखेर नट सुटला. निघेल तो भाग आई वर्तमानपत्रावर ओळीने मांडत गेली: नट, रबरी वॉशर, टाकी भरली की पाणी थांबवणारा जुना बॉलकॉक. दुकानातून आणलेला नवा बसवताना तीच ओळ उलटी धरायची, म्हणजे चूक व्हायचा प्रश्नच नाही.

लेकीची सवय अशी, की अक्षर दिसलं की वाचायचं. नव्या बॉलकॉकच्या खोक्यातला कागद तिने केव्हाच वाचून काढला होता. त्यात वॉशर टाकीच्या आत दाखवला होता. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी तो खालून लावला होता, आणि आईही आता खालूनच लावत होती.

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. बोललं तर पैज हातची जाणार. शिवाय बाबांचं चुकलं होतं, असं म्हणावं लागणार. या तीन महिन्यांत त्या घरात बाबांची एकही चूक निघाली नव्हती.

आईने कॉक उघडला. टाकी भरू लागली आणि खाली फरशीवर टप टप सुरू झालं. आईने नट आवळला. टप टप. आणखी आवळला. टप टप.

आईने हात पुसले. "बरं," ती हळूच म्हणाली. "मोठी बॅग घेऊ की लहान?"

लेकीला ते ऐकवेना. "आई, वॉशर आतून लागतो."

"यांनी तर खालून लावला होता."

"बाबांचं चुकलं होतं. गळू नये म्हणून तर एवढी टेप गुंडाळली."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

"आणि मला म्हणायचे, तुला यातलं कळत नाही, हात लावू नकोस!" आईला असं हसू फुटलं, की तिला कमोडच्या झाकणावर बसावं लागलं. लेकही हसली. डोळे पुसायला दोघींत एकच फडकं होतं, तेही ओलं.

पुन्हा सगळं काढून झालं. वॉशर आत गेला, नट हातानेच बसला. टाकी भरली, थांबली, आणि घर एकदम शांत झालं.

"हरलीस," आई म्हणाली.

"मी सांगितलं म्हणून!"

"स्टुलावरून बोलायला बंदी होती का? बरं, तो कागद वाचलास कधी?"

"तू कॉक बंद करत होतीस तेव्हा."

"आणि एवढा वेळ मूग गिळून बसलीस?"

लेक फरशीकडे बघत म्हणाली, "घरी दार उघडायला कोणी नसतं, आई."

आईने पान्हा खाली ठेवला. "मग तसं सांगायचं. माझ्या एकटेपणावर बिल कशाला फाडतेस?"

"सांगितलं की आता."

"रजा किती उरलीय?"

"पाच दिवस."

"पाचही इथेच काढ. पुढच्या महिन्यात पंधरा दिवस मी येते तुझ्याकडे. पाहुणी म्हणून हं, सामान हलवून नाही." आई उठली आणि तिच्या हातातला कागद सरळ करत म्हणाली, "आणि यापुढे काय वाचायचं ते मोठ्याने वाच."