पानाखालची माणसं

“तातय, हे पान उघडतंय की लाजतंय?”

वडिलांना हा प्रश्न विचारायला ज्युवीला तिच्या मैत्रिणींनी पैजेवर धाडलं होतं. स्वतः मात्र दुकानाच्या दारात तोंड दाबून खिदळत उभ्या! आणि हसत होत्या त्या मला.

मित्रांनो, मी पानं मांडणारा एक जुना प्रोग्राम आहे. फिलिपिन्समधल्या मिआगाओ गावच्या छोट्या छापखान्यात, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये माझा मुक्काम. मजकूर, फोटो, चौकटी जागच्या जागी बसवणं हे माझं काम. नेस्तोरतातयनी मला आणलं तेव्हा मी काय चपळ होतो! लग्नपत्रिका असो की शाळेचं प्रशस्तिपत्र, माऊस हलायचा अवकाश, पान हजर. “वारा आहे वारा!” असं नानय, म्हणजे ज्युवीची आई, गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. आणि गावच्या संताच्या जत्रेचं पुस्तक म्हणजे तर माझा मान! गावचा प्रमुख कपितान, जत्रेची राणी, देणगीदार, सगळे सोनेरी चौकटीत.

पण वर्षागणिक मी जड होत गेलो. पान सरकवलं की चाक नुसतं गरगरायचं. एक फोटो हलेपर्यंत तातयचा सुका मासा आणि भात खाऊन व्हायचा. यंदा तर जत्रा समितीच्या वडीलधाऱ्या मानांग लुर्देसनी बजावलंच, “नेस्तोर, शुक्रवारी पुस्तक तयार नसेल तर ते शहरातल्या दुकानात जाईल. कायमचं! मग तोंड फुगवून बसू नकोस.”

तातयनी राग माझ्यावर काढला. “म्हातारा झालाय हा. पुसूनच टाकतो.”

मित्रांनो, मला काळीज असतं तर ते तिथेच थांबलं असतं.

“सरा बघू,” ज्युवी म्हणाली, “कुठे दुखतंय ते तरी बघू त्याचं.” शाळेचा अंक मांडून तिच्या बोटांना नवी धिटाई आली होती. तिने यंदाच्या राणीचा फोटो धरून बाजूला सरकवला. खाली गेल्या वर्षीची राणी! तिच्याखाली आणखी एक!

“अगं शायरा, ही तर तुझी मावशी! केस बघ, नारळाचं झाड नुसतं!” ज्युवी दाराकडे बघून ओरडली.

“माझ्या मावशीला हसतेस?” म्हणत शायरा सगळ्यांच्या आधी आत घुसली.

“तातय, हे काय हो?”

“जुन्याच पुस्तकावर नवं करतो मी. वरून नवा फोटो ठेवायचा.”

“आणि खालचा?”

“पुसू? जित्याजागत्या माणसाचा चेहरा? उद्या त्याचं काही बरंवाईट झालं तर?”

नानयने छातीवर क्रॉस केला. “आणि देणगीदारांत माझे बाबा आहेत, इंदाय, पोरी. त्यांना हात लावशील तर बघ.”

हेच ते माझं दुखणं! दिसत कुणालाच नव्हती, पण ही सगळी माणसं मला दर वेळी रंगवावी लागत होती. त्यात भिंतीएवढे फोटो अंगठ्याएवढ्या चौकटीत कोंबलेले!

ज्युवीने टाळी वाजवली. “पुसायचं कशाला? त्यांना त्यांचं घर देऊ!” तिने वेगळी फाइल उघडली. आपल्या बाबांना, ज्युवीच्या लोलो अंब्रोसिओ आजोबांना, नानयने स्वतःच्या हाताने आधी तिथे नेलं, मग बाकीचे गेले, नावासकट. उरलेले यंदाचे फोटो ज्युवीने चौकटीच्या मापाचे केले आणि मला म्हणाली, “काम चालू असताना अंधूक चित्रं दाखव, छापताना खरी.”

मग तिने पान सरकवलं. मी सुटलो! एक पान, दुसरं, तिसरं!

“थांब, थांब, कपितान पुढे गेला!” तातय खुर्चीतून उठून ओरडले. पोरींनी दुकान डोक्यावर घेतलं.

शुक्रवारी मानांग लुर्देसनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. “बरंय. माझा फोटो थोडा मोठा हवा होता,” म्हणाल्या आणि छपाईला होकार देऊन गेल्या.

मित्रांनो, तुमच्याजवळचं कुणी मंदावलं तर त्याला म्हातारं म्हणून मोकळे होऊ नका. त्याच्या पाठीवर काय काय लादलंय, ते आधी उचलून बघा.

मानांगची पाठ वळताच ज्युवी स्टुलावर चढली. “तातय, नानय, ऐका! पुढच्या जत्रेचं पुस्तक मी करणार. आणि कोऱ्या पानापासून करणार!”