धुतलेलं पिस्तूल

वर्लिन टॅकेटकडे पिस्तूल घडवून घ्यायला आलेला माणूस दारातच पहिली चूक करायचा. चाप किती हलका करून द्याल, नेम धरायची पुढची माशी सोन्याची बसवू की पितळेची, मुठीला अक्रोडाचं लाकूड बरं की हरणाचं शिंग, असलं काहीतरी विचारत आत यायचा. वर्लिन चष्मा कपाळावर ढकलायचा आणि म्हणायचा, "बाबा रे, नवरीचा पत्ता नाही आणि तू दागिने घडवायला निघालास? आधी मूळ पिस्तूल कुठलं घेणार ते सांग."

आणि मग प्रवचन. नळी बदलता येते, घोडा बदलता येतो, स्प्रिंगा, चाप, वरची स्लाइडसुद्धा. बदलत नाही तो सांगाडा. नंबर त्याच्यावर कोरलेला असतो आणि सरकारच्या लेखी तोच पिस्तूल असतो, बाकी सगळे कपडे. सांगाडा वाकडा निघाला तर वर हजारो डॉलर ओता, पालथ्या घड्यावर पाणी. जुनिपर वेल्स गावात हे प्रवचन न ऐकलेला माणूस सापडणं कठीण होतं. बायकासुद्धा त्याची नक्कल करायच्या.

रोनेल प्रुइटने मात्र दारात काही विचारलं नाही. सप्टेंबरातल्या शनिवारी दुपारी ती आली, डाक वाटायच्या गाडीतून उतरून थेट, आणि म्हणाली, "मिस्टर टॅकेट, आधी पिस्तूल दाखवा. बाकीचं तुम्ही ठरवा."

ती चौतीस वर्षांची होती आणि आसपासच्या मुलखात तिच्याइतका नेम कोणाचा नव्हता. वसंतात राज्याची स्पर्धा होती. वर्लिनच्या यादीत नंबर लागायला तिला दोन वर्षं लागली होती. खरं तर एकच लागायला हवं होतं. वर्लिनने तिचं नाव दोनदा खाली ढकललं होतं, आणि का ढकललं हे त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. प्रुइट या नावाशी त्याला व्यवहारच नको होता.

पण आता ती समोर उभी होती. त्याने बाकावर हिरवं कापड अंथरलं आणि तीन पिस्तुलं मांडली. प्रत्येकाची स्लाइड मागे ओढून, रिकामं असल्याचं बघून, तिला दाखवून. तिनेही प्रत्येक पुन्हा तपासलं. तिथली रीतच तशी. सख्ख्या भावाने रिकामं म्हणून हातात दिलं तरी आपण बघायचं, आणि त्यात कोणी रागवत नाही.

"हे कारखान्यातून नवंकोरं. दिसायला गरीब, पोलाद चांगलं. हे पोलिसांकडून निवृत्त झालेलं. बारा वर्षं पट्ट्यावर लोंबकळलं, वरचा रंग गेला, पण आतून कुमारिका आहे. आणि हे जुनं लष्करी. चार पिस्तुलांचे भाग एकत्र नांदतायत, भांडण नाही."

"आमच्या डाकघरापेक्षा बरं म्हणायचं," रोनेल म्हणाली.

वर्लिनला हसू आलं. पोरगी आवडण्यासारखी होती, हाच तर त्रास होता. "डोळे मिट," तो म्हणाला. "समोरच्या भिंतीकडे हात उचल. मग डोळे उघड. माशी आपसूक मागच्या खाचेत बसलेली दिसली तर पिस्तूल तुझं. तुला बसवावी लागली तर ते दुसऱ्या कोणाचं."

तिने तिन्ही उचलून पाहिली. नव्याची माशी उजवीकडे गेली, लष्करी फारच वर गेलं. पोलिसांचं जवळपास बसलं, केसभर डावीकडे.

"हेच घे," वर्लिन म्हणाला. "केसभर मी काढून देतो."

रोनेल ते खाली ठेवत म्हणाली, "आणि ते चौथं?"

"चौथं कुठलं?"

"खालच्या खणातलं."

वर्लिनच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बाकाखालचा खण कुलूपबंद होता. किल्ली त्याच्या कमरेच्या साखळीला होती आणि त्या खणात काय आहे हे त्याच्या मेलेल्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही." तिच्याही कपाळाला आठी पडली. "म्हणजे... आहे ना तिथे एक?"

पायाशी झोपलेली डचेस, त्याची म्हातारी शिकारी कुत्री, उठली. सांधेदुखीमुळे ती जेवणाशिवाय उठत नसे. ती जाळीच्या दारापाशी गेली, नाकाने दार ढकलून बाहेर उन्हात जाऊन उभी राहिली आणि तिथून आत बघत राहिली.

खणात डेल्मर प्रुइटचं पिस्तूल होतं. रोनेलच्या बापाचं.

डेल्मर आणि वर्लिन हरणांच्या शिकारीला वीस वर्षं एकत्र गेलेले. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, मार्चमधल्या एका सकाळी, डेल्मर आपल्याच स्वयंपाकघरात गोळी लागून मेला. बायको नेल्डा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती, म्हणे. सहा वर्षांची रोनेल शेजारच्या गावी मावशीकडे होती, म्हणे. शेरिफ आला तेव्हा डेल्मर जमिनीवर पडलेला होता आणि पिस्तूल भांड्यांच्या जाळीवर, बशा आणि कपांच्या मधे, धुऊन, पुसून, तेल लावून ठेवलेलं होतं.

"मी धुतलं," नेल्डा म्हणाली होती.

"का?"

"माहीत नाही."

याहून जास्त एक शब्द ती कधी बोलली नाही. कागदोपत्री अपघात ठरला. पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? मेलेला माणूस आपलं पिस्तूल धुऊन ठेवत नाही, हे वाक्य न्हाव्याकडे, चर्चच्या पायरीवर, बारमध्ये इतक्यांदा बोललं गेलं की पोरांनाही पाठ झालं. चर्चमध्ये नेल्डाच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. रोनेलही ते वाक्य ऐकतच वाढली. अठराव्या वर्षी ती घरातून निघाली आणि गेली नऊ वर्षं आईशी बोललेली नव्हती. नेल्डा आता चाळीस मैलांवर वृद्धाश्रमात होती.

चौकशी संपल्यावर पिस्तूल नेल्डाला परत मिळालं. ते पावाच्या पिशवीत घालून ती वर्लिनकडे आली. "याचे तीन तुकडे कर. कापलंस हे सांगायलाही येऊ नकोस. फक्त काप." वर्लिन हो म्हणाला. ती गेल्यावर त्याने मुठीच्या पट्ट्या उघडल्या. आत गंज होता. पाण्याचा गंज पसरतो, रक्ताचा खड्डे पाडतो. बंदुका दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला तो ओळखता येतो, ओळखता आला नसता तर बरं झालं असतं. धुणाऱ्याने पट्ट्या उघडल्या नव्हत्या. एका स्क्रूच्या बाजूला पेचकस घसरल्याचा ओरखडा मात्र होता. घाईत होती तर बाई, वर्लिनला वाटलं.

त्याने ते कापलं नाही. कधीतरी हे साक्ष देईल, असं त्याने मनाशी म्हटलं. शिवाय सांगाडा असा होता की आयुष्यात दोन-तीनदाच हातात येतो, आणि त्याच्यावर करवत ठेवायला त्याचा हात धजला नाही. दोन्ही कारणं खरी होती. दुसरं जास्त खरं होतं.

आता रोनेल खणाकडे बघत होती. वर्लिनने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी त्याच्या लक्षात आलं की किल्ली आपल्या बोटांत आहे. बघू दे, त्याच्या मनात आलं. नेल्डाच्या लेकीनेच बघू दे. हा विचार चांगला नव्हता, हे त्याला तेव्हाही कळत होतं.

त्याने पिस्तूल काढलं, रिकामं असल्याचं पाहिलं, तिला दाखवलं. तिने तपासलं.

"कोणाचं?"

"जुनं आहे. आधी डोळे मिट."

तिने डोळे मिटून हात उचलला. नळी भिंतीकडे गेली, स्थिर झाली. वर्लिनला मागून दिसत होतं की माशी खाचेत बसली आहे, ठोकून बसवावी तशी.

"उघड आता."

तिने डोळे उघडले नाहीत.

हात हळूहळू खाली आला. दुसराही वर आला आणि तिने पिस्तूल दोन्ही हातांनी पोटाशी धरलं, लहान मूल जड कलिंगड धरतं तसं. पाठीमागच्या मोरीत नळ ठिबकू लागला. तो नळ वर्लिनने सकाळीच घट्ट बंद केला होता. तेलाच्या आणि लोखंडाच्या त्या खोलीत लिंबाच्या साबणाचा वास आला.

"स्टूल हलतंय," रोनेल म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण बारीक.

"रोनेल. ठेव ते खाली."

"पाणी गरम आहे. साबण जास्त नाही घालायचा, नळीत राहतो." तिचा अंगठा सांगाड्यावरून गोल फिरत होता, घासल्यासारखा. "हा स्क्रू नाही निघत. मी दाबलं तरी नाही निघत."

वर्लिनने बाकाची कड धरली. डेल्मर लष्कराच्या जुन्या, स्वस्त गोळ्या वापरायचा. त्या गोळ्या नळीत क्षार सोडतात. त्याच दिवशी गरम साबणाच्या पाण्याने धुतलं नाही तर सकाळपर्यंत गंज चढतो. त्या जमान्यात घराघरात पिस्तुलं भांड्यांबरोबर धुतली जायची, आणि डेल्मरच्या घरी ते काम कोणाचं होतं हे वर्लिनला ठाऊक होतं. त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. स्टुलावर उभी राहून, कोपरापर्यंत फेसात हात घातलेली पोर, आणि मागे उभा डेल्मर, अभिमानाने फुगलेला. 'खराब हत्यार तसंच ठेवायचं नाही. काय?' 'तसंच ठेवायचं नाही, डॅडी.'

नेल्डाला पट्ट्या उघडता येत होत्या. तिला तर डोळे झाकून उघडता आल्या असत्या; पेचकस घसरला होता तो लहान हातातून. अठ्ठावीस वर्षांत हे एकदाही वर्लिनच्या डोक्यात आलं नव्हतं. ओरखडा त्याने रोज बघितला असता तरी त्याला त्यात घाईच दिसली असती, कारण त्याला तीच बघायची होती.

"डॅडी खाली झोपलेत," रोनेल म्हणाली. "पिस्तूल घाण झालंय. उठले की ओरडतील, तसंच ठेवलं म्हणून."

नळ थांबला. तिने डोळे उघडले आणि हातातल्या वस्तूकडे पाहिलं. मग फार जपून, नळी भिंतीकडे करून, ती हिरव्या कापडावर ठेवली. हात मात्र ती तसेच पुढे धरून राहिली, ओले असल्यासारखे.

"मी मावशीकडे नव्हते," ती म्हणाली.

"नाही," वर्लिन म्हणाला.

"मी आवाज ऐकून आत गेले. ते आधीच पडलेले होते. आई आली तेव्हा मी हात पुसत होते. तिने मला उचललं आणि मागच्या दाराने गाडीत नेऊन बसवलं." ती एकेक वाक्य चाचपून बोलत होती. "आणि मग म्हणाली, तू सकाळपासून मावशीकडे आहेस. सकाळपासून. म्हण बघू. मी म्हटलं. म्हणता म्हणता मला तेच आठवायला लागलं."

पोस्टात, किराणाच्या रांगेत, पेट्रोल पंपावर नेल्डा त्याला शेकडो वेळा भेटली होती. पहिली काही वर्षं ती मान हलवायची. त्याने कधी उलटून मान हलवली नाही. मग तिने सोडून दिलं.

"हे इथे कसं?" रोनेलने विचारलं.

"तुझ्या आईने कापायला दिलं होतं. तीन तुकडे कर म्हणाली." त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं. "मी हो म्हटलं आणि कापलं नाही. मला वाटलं, तिनेच..."

"सगळ्यांनाच वाटलं," रोनेल म्हणाली. "मलाही."

तिने खिशातून फोन काढला. नंबर तिला शोधावा लागला. पलीकडे कोणा परिचारिकेने फोन उचलला, मग नेल्डाचा आवाज आला. कानाने अधू झालेली माणसं बोलतात तसा मोठा, वर्लिनला बाकापलीकडूनही ऐकू जाईल इतका.

"कोण?"

"मी. रोनेल."

पलीकडे श्वास ऐकू आला, नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या माणसाचा.

"आई, ते मी धुतलं होतं ना?"

बाहेर डचेस जाळीला नाक लावून उभी होती, आत यायला तयार नव्हती.

"म्हणजे टॅकेटने कापलं नाही," नेल्डा म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर वर्लिनला सोसलं असतं. राग नव्हता. लेकीला हे कळू नये म्हणून अख्खं आयुष्य दाराला पाठ लावून उभ्या राहिलेल्या माणसाला, दार शेवटी मागूनच उघडल्याचं कळावं, तसं काहीतरी होतं.

"आई, मी तुझ्याशी नऊ वर्षं—"

"ते राहू दे. तू कुठे आहेस? त्याच्या दुकानात? फोन दे त्याला."

रोनेलने फोन पुढे केला. वर्लिनने तो दोन्ही हातांनी घेतला. "नेल्डा," तो म्हणाला, "मी... मला..."

"तुझं तुझ्यापाशी ठेव, वर्लिन. मला आता तेवढा दम नाही. पोरीचे हात कापतायत का?"

त्याने पाहिलं. कापत होते.

"कापतायत."

"मग तिला गाडी चालवू देऊ नकोस. तू घेऊन ये तिला माझ्याकडे. आणि येताना हळू चालव, घाटात तू नेहमी वेडा असतोस."

फोन बंद झाला. वर्लिनने दुकानाचे दिवे मालवले आणि गाडीच्या किल्ल्या शोधू लागला. त्या सापडायला त्याला बराच वेळ लागला, कारण डोळ्यांपुढे काही नीट दिसत नव्हतं.