रंगाचे अकरा हात

बिजागरीचा शेवटचा स्क्रू सुटला तसं तिने केबिनचं दार खांद्यावर तोलून घेतलं. लाँच जुनी, दार जड. तरी काका धक्क्यावरून मदतीला वाकले तेव्हा तिने त्यांना हात लावू दिला नाही.

"टाकून दे ते," काका म्हणाले. "चारही खिडक्या नव्या कर, आणि दार तर आधी नवं कर. दादाने पहिल्या दिवसापासून बिघडवून ठेवलं होतं."

"बरं," ती म्हणाली.

बापाबद्दल असं ऐकून घेणारी ती नव्हती. पण असं काम हाती यायची तिने नऊ वर्षं वाट पाहिली होती, आणि वाट पाहणाऱ्याने तोंड सांभाळावं एवढं तिला कळत होतं.

नऊ वर्षांपूर्वी दमट हवेच्या दिवसांत, वीस-बावीस पाहुणे लाँचवर असताना, काका याच केबिनमध्ये अडकले होते. दार फुगून चौकटीत रुतलं होतं. इंजिनाच्या धुराने घुसमटलेल्या काकांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तिथे त्यांचे खांदे अडकले. पाहुणे हसले, अख्खा धक्का हसला. चारचौघांत हसं झालं की माणूस कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडतो, आणि काकांना त्यासाठी लांब जावं लागलं नाही. दार सख्ख्या थोरल्या भावाने केलेलं होतं. "दादाचा हात पहिल्यापासूनच थरथरतो, फट सोडायचीसुद्धा विसरला," हे त्यांनी इतक्या ठिकाणी सांगितलं की बाबांकडे कामच येईना. बाबा एकदा स्वतः दार बघायला गेले, तर काकांनी त्यांना लाँचवर पाऊल ठेवू दिलं नाही. त्यानंतर सात वर्षं बाबा घरात बसून रंध्यांना धार लावत राहिले. न वापरलेल्या रंध्यांना. मग एके दिवशी बाबा गेले आणि तेही थांबलं.

तिचा बेत साधा होता. सध्या हवा कोरडी, लाकूड आकसलेलं. नवं दार आत्ताच घट्ट बसवायचं. काका वाहवा करतील. हवा दमट झाली की ते फुगेल आणि म्हातारा पुन्हा आत अडकेल. या खेपेला खिडक्याही न उघडणाऱ्या बसवायच्या, म्हणजे डोकंसुद्धा बाहेर काढता येणार नाही. हा विचार करताना तिला गोड वाटायचं आणि त्याची लाज मुळीच वाटत नव्हती.

नव्या दारासाठी जुन्याचं नेमकं माप हवं होतं, म्हणून ती कडेचा रंग खरवडायला बसली. पांढऱ्याखाली निळा निघाला, निळ्याखाली हिरवा, मग पुन्हा पांढरा. खरवडायच्या पत्रीखाली खपल्या बिस्किटासारख्या तुटत होत्या. तिने एका खपलीचे थर मोजले. अकरा. दार अडकलं तेव्हा ते अकराच वर्षांचं होतं. त्यानंतर काकांनी ते दोरीने उघडंच बांधून ठेवलं, रंगही लावला नाही. त्याआधी मात्र दर हंगामाला लाँच रंगवायची ती काकांनीच, आणि त्यांनी दाराच्या कडाही सोडल्या नव्हत्या. बाबा कडांना नुसतं तेल पाजायचे.

तिने चौकटही खरवडली. लाकडाला रंधा न लावता दार जुन्याच बिजागऱ्यांवर चढवलं आणि फुगायला जागा सुटली आहे का हे बाबा कोरड्या हवेत बघायचे तसं एक जुनं नाणं फटीत घालून फिरवलं. वरून, बाजूने, खालून. नाणं कुठेच अडलं नाही. तिने ते तीनदा फिरवलं.

"चोराच्या उलट्या बोंबा," ती मोठ्याने म्हणाली आणि केबिनमध्येच खाली बसून रडली. रडून झाल्यावर तिने येत होत्या तेवढ्या शिव्या काकांना दिल्या.

नव्या दाराच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. ते दार अडकलं असतं तर धक्का काय म्हणाला असता? बाप तशी लेक. म्हणजे काकांच्याच खोट्यावर तिने आपल्या हाताने शिक्का मारला असता. तिने फळ्या घरी नेल्या. जुन्याच दाराला बाबांसारखं तेल पाजलं, तसं ते नव्यासारखं दिसू लागलं. खिडक्या नीट केल्या, उघडणाऱ्या.

काम संपलं त्या सकाळी मिरवायला म्हणून काकांनीच धक्क्यावरची माणसं गोळा केली. त्यांनी एका बोटाने दार ढकललं. ते आवाज न करता चौकटीत बसलं.

"हे बघा. याला म्हणतात दार. दादाला जन्मात जमलं नसतं."

"जमलं होतं," ती म्हणाली. "हे बाबांचंच आहे."

काका हसले. "अगं, ते तर..."

"रंधा लावलेला नाही. नुसता रंग काढला. बाबांनी सोडलेली फट त्या रंगाने बुजली होती, काका."

तिने खिशातून खपली काढून इंजिनच्या मिस्त्रीला दिली. मिस्त्री या लाँचवर पहिल्यापासून होता. त्याने चष्मा वर करून खपलीची कड निरखली.

"हा हिरवा, नवं इंजिन बसवलं त्या वर्षाचा," तो म्हणाला. "हा निळा त्याच्या पुढचा. रंग हे स्वतःच लावायचे. ब्रश तेवढे मला धुवायला लावायचे."

कुणी हसलं नाही. खपली हातोहात फिरत गेली, प्रत्येकाने ती आडवी धरून पाहिली आणि शेवटी ती काकांपर्यंत आली. काकांनी ती तळहातावर घेतली. त्यांचा हात थरथरत होता, आणि सगळे तिकडेच बघत होते. तिलाही दिसलं. बेत आखताना वाटलं होतं त्याहून ते तिला जास्त गोड लागलं.

काका वाकून केबिनमध्ये गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

ती हत्यारं पिशवीत भरायला लागली. सगळी भरून झाली तरी दार उघडलं नाही. माणसं चुळबुळत उभी होती.

"पुन्हा अडकलं की काय?" मिस्त्रीने हळूच विचारलं.

"नाही," पिशवी खांद्याला लावत ती म्हणाली. "आतून सहज उघडतं."