चालकाचं झाकण

चष्मेवाल्यांनी चिमट्यात धरलेलं चालकाचं झाकण रणगाड्यावर टेकवलं, गोंदाचा थेंब सोडला आणि बोटाने दाबून धरलं. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पँथर रणगाड्याची प्लॅस्टिकची प्रतिकृती, मूळच्या पस्तिसाव्या हिश्शाची, म्हणजे चपलेएवढी. चष्म्यांचं दुकान सांभाळून असे नऊ रणगाडे त्यांनी जोडले होते आणि सगळ्यांची झाकणं बंद. जोडणीच्या खोक्यात आतले भाग येतच नाहीत, मग उघडून दाखवायचं काय?

बायको धुतलेले कपडे घेऊन समोर बसली. सीमेवर रणगाडा चालवणाऱ्या मुलाचा फोन येऊन अकरा दिवस झाले होते. पोराला रणगाड्यांचा नाद याच टेबलाशी लागला होता. हल्ली ते आठवलं की चष्मेवाले हातातला चिमटा खाली ठेवायचे.

"अहो, चालक बाहेर कुठून पडतो?"

"इथून. डोक्यावरच असतं झाकण."

"लगेच उघडतं?"

"खटका ओढला की झालं."

तिचे घड्या घालणारे हात थांबले.

"पँथरचं अडकायचं. पुढे बदलावं लागलं त्यांना. पाहुण्यांना तुम्हीच तर सांगता, रंगवून रंगवून."

इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, ही या कानाने ऐकते आणि त्या कानाने सोडून देते.

"ते जुनं झालं गं. आताचे वेगळे असतात."

"आताच्यातलं काय माहीत आहे तुम्हाला?"

चष्मेवाल्यांनी झाकणावरचं बोट काढलं. ऐंशी वर्षांपूर्वीच्या रणगाड्याचा खिळा न् खिळा त्यांना पाठ होता. मुलाच्या रणगाड्याला झाकणं किती, हे मात्र त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. तो सुट्टीवर आला की चष्मेवालेच बोलायचे आणि तो ऐकायचा.

"हे उघडं ठेवा," ती म्हणाली.

"गोंद धरलाय आता."

"तरी."

उगाच कशाला, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तिच्याकडे बघून ब्लेडचं पातं उचललं. फटीत घालून हलकेच फिरवलं. झाकण निघालं, पण कडेचा टवका उडाला. आयुष्यभर भिंगं घासलेला हात, पण त्याला आज एवढंही साधलं नाही.

तिने चष्मा लावला आणि वाकून भोकातून आत पाहिलं.

"आत कोणीच नाही."

"नाही. यात माणसं येत नाहीत."

"बरं आहे," ती म्हणाली. पण बराच वेळ तिने डोळा तिथून काढला नाही.