तांब्याची रिंग

"मिस्त्री, ही गाडी घेऊन दवाखान्यात शिरलो तर निम्मे पेशंट पळून जातील," कंपाउंडर म्हणाला. त्याने थ्रॉटल सोडला आणि नव्या सायलेन्सरमधून पुन्हा फटाके फुटले.

मिस्त्रीला एरवी हसू आलं असतं. "संध्याकाळी या, तोवर करून ठेवतो," एवढंच तो म्हणाला. कंपाउंडर डोकं हलवत पायीच निघाला.

जुना सायलेन्सर गंजून त्याची पार चाळणी झाली होती. कंपनीचा मिळेना, म्हणून कंपाउंडर बाजारातून दुसराच घेऊन आला, जाडजूड आणि चकचकीत. असा मोकळा सायलेन्सर लावला की इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट मोठा घालावा लागतो. तो मिस्त्रीने घातला होता. राहता राहिला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा बाजूचा लहानसा स्क्रू. तो मिस्त्री कानानं लावायचा. डोळे मिटून पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आणि इंजिन सुखावलं की हात थांबायचा. लांबलांबून लोक यायचे ते त्या कानासाठी.

आणि तोच कान दगा देत होता. मागच्या तापात डावा गेला, पार गेला. मिस्त्रीने कोणाला पत्ता लागू दिला नव्हता, बायकोलासुद्धा नाही. उजव्यावर निभेल असं त्याला वाटलं होतं. आज दुपारपर्यंत स्क्रू फिरवून बोटं दुखायला लागली, तरी फटाके काही थांबेनात. म्हणजे उजवाही चालला. उद्यापासून शटर खाली ओढायचं आणि घरात बसायचं, दुसरं काय.

बायको त्याच्या डावीकडच्या स्टुलावर बसून प्लग पुसत होती. गॅरेज दोघांचं होतं. लग्नानंतर वर्षभरातच तिने पाना हातात घेतला तो आजपर्यंत सोडला नव्हता. पण परवापासून तिचा अबोला होता. आपण बोलतो आणि नवरा ढिम्म बसून राहतो, असं महिनाभर चाललेलं. परवा ती म्हणाली, "मी काय भिंतीशी बोलते का?" आणि तोंडाला कुलूप लावलं ते लावलंच.

तो उठून तिच्यासमोर जाऊन बसला.

"ऐक. मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तापापासून. आता उजव्याचंही खरं नाही."

तिचं पुसणं थांबलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम गप्प बसत नव्हता?"

"मुद्दाम कशाला बसेन?"

"मला वाटलं, माझा कंटाळा आला." तिचे डोळे भरून आले, आणि त्याच दमात ती चिडली. "अहो, सांगायचं नाही का? महिनाभर मी मनात काय काय घेऊन बसले. कमाल आहे तुमची."

"लाज वाटली."

"बायकोची?" पदराने डोळे पुसत ती उठली. "करा चालू ती गाडी. माझे दोन्ही धड आहेत, मी ऐकते."

त्याने किक मारली. ती वाकून ऐकत राहिली, मग सायलेन्सरचा पाइप इंजिनला मिळतो तिथे तिने तळवा धरला, भाजणार नाही इतपत दूर. लगेच तिने हात मागे घेतला.

"सांध्यातून हवा मारतेय. तुम्ही रिंग घातलीत ना?"

"मी? रिंग तू घालतेस."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांची एक रीत होती. नट आवळण्याआधी त्याने विचारायचं, "रिंग?" आणि तिने म्हणायचं, "बसली." सकाळी ती बोलणार नव्हती, म्हणून त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं नाही, म्हणून तिला वाटलं त्यानेच घातली असेल. जुनी रिंग जुन्या पाइपाबरोबर भंगारात गेली होती. तो सांधा बंद करणारी नवी, तांब्याची, फडक्याखाली तशीच पडलेली होती.

मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. फटाके त्या फटीतून शिरणाऱ्या हवेचे होते, उजवा कान शाबूत होता. नसलेली रिंग स्क्रू फिरवून कुठून ऐकू येणार? तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि तिने पाठीत एक धपाटा घातला.

इंजिन गार झाल्यावर त्यांनी पाइप उतरवला.

"रिंग?" त्याने विचारलं.

"बसली," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली.

मग त्याने डोळे मिटले, उजवा कान इंजिनकडे केला आणि स्क्रू फिरवला. पाव फेरा, अजून जरासा. हात थांबला. त्याने थ्रॉटल ओढून सोडला. गाडी खालच्या सुरात शांत धडधडत राहिली, एकही फटाका नाही.

संध्याकाळी कंपाउंडर आला, त्याने एक चक्कर मारली आणि खुशीत निघून गेला. मिस्त्री हात धुऊन आला तेव्हा बायको स्टुलावर बसून पाने पुसत होती. तिने स्टूल तेवढं उचलून त्याच्या उजवीकडे ठेवलं होतं.