शीतलने पप्पांना न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, मी घाटकोपरच्या पंतनगरातला एक जुना संगणक आहे. तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. माझा पांढरा डबा आता पिवळा पडला आहे, आतला पंखा घरघरतो, आणि मी चालू होईपर्यंत माणसाचा चहा पिऊन होतो.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मला जोडलं गेलं. एकाचा डबा, दुसऱ्याचा पडदा, तिसऱ्याचा कळफलक, असा मी जमवाजमवीचा. तिथून भीमराज पप्पांनी मला रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं. त्यांची मुलगी शीतल बी.कॉम. झाली होती, त्याचं हे बक्षीस. रिक्षावाला वाटभर काहीबाही विचारत होता आणि पप्पा उत्तर देत नव्हते. त्यांच्या डाव्या कानाला अजिबात ऐकू येत नाही, हे मला पुढे कळलं. फौजेत तोफांजवळ काढलेल्या वर्षांची ती खूण, असं घरात सांगत.

शीतलची आई सुंदराबाई. तिने बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि मग आपल्या एका जुन्या साडीचं माझ्यासाठी कव्हर शिवलं. रोज सकाळी ती मला पुसायची. इतक्या हलक्या हाताने मला पुन्हा कुणी पुसलं नाही.

शीतलने माझ्यावर लोकांची आयकर रिटर्नं भरायला सुरुवात केली. हळूहळू तिचं नाव झालं. निवृत्त माणसं तर विक्रोळी-मुलुंडहून शोधत येत, कारण शीतल आकडे टाकण्याआधी माणसाला बोलतं करायची.

"मावशी, ही पेन्शन तुमची स्वतःच्या नोकरीची, की काकांच्या माघारी मिळते?" ती विचारायची.

"त्यांच्या माघारी गं."

"मग ती पगाराच्या रकान्यात नाही जात. ती इतर उत्पन्नात दाखवायची, आणि त्यात थोडी वजावटही मिळते. मागच्या वेळी कुणी भरलं होतं? वाट लावलीय सगळी."

माणसं खूश होऊन जात. जाताना कुणी माझ्याही डोक्यावर थाप मारत. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते.

पप्पांचं रिटर्न मात्र शीतल दोन कामांच्या मधल्या फटीत भरून टाकायची. फौज सुटल्यावर पप्पा एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर होते. तो पगार आणि फौजेची पेन्शन, दोन्ही आकडे सॉफ्टवेअरमध्ये आपोआप भरून येत. शीतल पेन्शन पगारातच राहू द्यायची, कर निघायचा, आणि "पप्पा, ओटीपी सांगा" एवढंच ती त्यांच्याशी बोलायची. परक्यांना दहा प्रश्न विचारणारी पोर बापाला एकही विचारत नसे. विचारायचं काय? फौजेची गोष्ट तर घरात सगळ्यांना पाठ होती.

ती गोष्ट अशी. पप्पा फौजेत चांगले नावारूपाला आले होते. पण शीतल लहान, सुंदराबाई एकटी. तिने पत्रांवर पत्रं पाठवून त्यांना परत बोलावलं आणि पप्पांनी नोकरी सोडली. माहुलची आत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आली की चहाचा कप हातात घेऊन हेच म्हणायची, "हिला दम नव्हता. नाहीतर माझा भाऊ सुभेदार होऊन आला असता." सुंदराबाई ऐकून घ्यायची आणि आणखी चहा हवा का म्हणून विचारायची. पप्पा पेपर वाचत बसायचे.

एकदा कंपनीतल्या कुणा तरुण साहेबाने पप्पांचा चारचौघांत पाणउतारा केला. पप्पा घरी येऊन न जेवता झोपले. शीतल चिडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो राग तिने आईवर काढला.

"आई, तुला थोडी वर्षं एकटीने काढता आली नसती का गं? तुझ्यापायी आज पप्पांना गेटवर कुणाचंही ऐकून घ्यावं लागतं."

सुंदराबाई तेव्हा मला पुसत होती. तिचा हात क्षणभर माझ्या पडद्यावर थांबला.

"नव्हतं राहवत गं मला," ती म्हणाली आणि पुन्हा पुसू लागली.

पुढे सुंदराबाईची किडनी बिघडली. डायलिसिसच्या खेपा सुरू झाल्या आणि एका पावसाळ्यात ती गेली. माझ्यावरचं कव्हर कुणी काढेना, काढलं तर परत घालेना.

ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी, रिटर्नांच्या हंगामात, एका रविवारी सकाळी अंबादासकाका आले. ते पप्पांचे फौजेतले जोडीदार, दहिसरला राहायचे. गुडघ्याला काठीचा आधार होता, पण आवाज परेडच्या मैदानावरचा. पप्पा आत दाढी करत होते. काका माझ्यासमोर बसले आणि म्हणाले,

"पोरी, यंदा माझंही रिटर्न तूच भर. माझ्या पेन्शनमध्ये गुडघ्याच्या अपंगत्वाचा भाग आहे. तो करमुक्त असतो म्हणतात. आमच्याकडच्या एकाने सगळ्यांचं तसंच भरून दिलं, आता त्यांना नोटिसा येतायत."

शीतल हसली. "येणारच. काका, तुम्ही पूर्ण नोकरी करून निवृत्त झालात ना? मग तुम्हाला ती सवलत नाही. नोकरीमुळे अपंगत्व आलं आणि त्याच कारणाने फौजेने मध्येच घरी पाठवलं, अशांचीच पेन्शन करमुक्त. त्यांची मात्र सगळी."

"असं होय!" काका म्हणाले. "मग ती भीमराजला लागली म्हण की. त्याला बोर्ड आउट केलं होतं. सुटला बिचारा, निदान टॅक्स तरी भरायला नको."

शीतलचा हात माझ्या माऊसवर होता, तो तसाच राहिला.

"बोर्ड आउट म्हणजे, काका?"

"म्हणजे डॉक्टरांच्या बोर्डाने अनफिट ठरवून घरी पाठवणं. राजस्थानात सराव चालला होता, गोळा तोफेच्या तोंडाशीच फुटला. माझ्या शेजारी होता तो. कान गेला, आणि नंतर उभा राहिला की भोवळ यायची. किती हातापाया पडला साहेबांच्या, मला गोदामात ठेवा, लंगरमध्ये स्वयंपाकाला ठेवा, पण फौजेतून काढू नका म्हणून." बोलता बोलता काकांनी शीतलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "तुला... तुला माहीत नाही?"

दारात पप्पा उभे होते. अर्ध्या गालाला साबण तसाच.

काका गडबडीने उठले आणि पुन्हा येतो म्हणत निघून गेले. शीतल खुर्चीवरून हलली नाही.

"पप्पा, आईने बोलावलं म्हणून तुम्ही आला होता ना?"

पप्पांनी खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला.

"आईला माहीत होतं हे?"

त्यांनी मान हलवली. हो.

"आणि तरी तुम्ही आम्हाला तिला बोलू दिलंत? मी बोलले तिला, पप्पा! इथे, याच खोलीत बोलले!"

पप्पांनी मान वळवली आणि बहिरा कान तिच्याकडे केला. मग टॉवेलने गाल पुसत ते आत निघून गेले.

दोन दिवसांनी शीतलने त्यांचं यंदाचं रिटर्न उघडलं. पेन्शन पगाराच्या करपात्र रकान्यातून काढली आणि करमुक्त उत्पन्नात नेली. कारण लिहिलं. सगळं बरोबर झालं होतं. फक्त ओटीपी हवा होता, आणि तो पप्पांच्या फोनवर आला होता.

"नाही सांगणार," पप्पा म्हणाले. "जसं आजवर भरत होतीस तसं भर."

"पण ते चूक होतं, पप्पा."

"असू दे चूक. टॅक्स भरतो ना मी? अख्ख्या पंतनगरात मला फौजी म्हणतात. अपंग म्हणून धाडून दिलेला म्हणून माझं नाव कुठे लिहू नकोस."

"लिहिलेलं कुणी वाचणार नाही हो. सरकारशिवाय कुणाला कळणार पण नाही."

"तुला कळलं, तेवढं पुरे झालं."

फोन खिशात घालून ते बाहेर गेले. रिटर्न पडताळणीविना तसंच राहिलं. घरात दोघंच माणसं, पण जेवायला हाक मारण्यापलीकडे बोलणं होईना. शीतल कधी कधी मला चालू करायची, काही न करता पडद्याकडे बघत बसायची आणि बंद करायची. आईसारखी माझ्यावरची धूळ बोटाने पुसायची, पण तिचं लक्ष नसायचं.

मग सुंदराबाईच्या पुण्यतिथीचा, पुण्यानुमोदनाचा दिवस आला. पुढच्या खोलीतलं सामान हलवलं, मला साडीच्या कव्हरखाली कोपऱ्यात सरकवलं. फोटोला हार घातला. भंतेजींनी वंदना घेतली, सगळ्यांनी खीर खाल्ली. भंतेजी गेल्यावर नातेवाईक गप्पांना बसले. आत्याने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली,

"स्वभावाने गरीब होती हो. एवढंच, की तिच्यापायी माझ्या भावाची फौज सुटली."

ताटं उचलता उचलता शीतल थांबली. ती काही बोलणार एवढ्यात पप्पा उठून उभे राहिले. एका हाताने त्यांनी माझं टेबल धरलं होतं.

"अक्का, सुंदराने मला बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "फौजेने मला नापास करून परत पाठवलं. मी घरी येऊन तोंड झाकून पडलो, तेव्हा ती म्हणाली, लोकांना सांगा बायकोने बोलावलं. माझं काय जातंय? तिने एकदाच म्हटलं. मी जन्मभर तेच धरून बसलो."

आत्याचा चेहरा उतरला.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस रे? मी तिला काय काय बोलले! तू तिथेच बसलेला असायचास!"

"तुम्ही तिला बोलत होता, तोवर मला कुणी काही विचारत नव्हतं," पप्पा म्हणाले.

ते खाली बसले. फोटोकडे मात्र त्यांना बघवलं नाही. आत्या बराच वेळ फोटोसमोर हात जोडून बसून राहिली. शीतल ताटं घेऊन आत गेली. नळ सुरू झाल्याचा आवाज आला, पण भांडी घासल्याचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा आपण होऊन माझ्यासमोर येऊन बसले. चष्मा लावून त्यांनी फोनवरचा ओटीपी एकेक आकडा करून वाचला. शीतलने तो भरला. पडताळणी झाली.

"मागच्या काही वर्षांसाठी पण अर्ज करून बघू?" तिने विचारलं.

"कर." चष्मा काढत ते म्हणाले, "तिला काय मिळणार आहे त्यातून?"

शीतलने त्यांच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला खुर्ची ओढली आणि म्हणाली, "पप्पा, तो गोळा फुटला तेव्हाचं सांगा ना. पहिल्यापासून."

पप्पांनी सांगायला सुरुवात केली. पण सगळं आठवेना. मध्येच अडून ते म्हणाले, "हे सुंदराला पाठ होतं."

आता शीतलने लॅपटॉप घेतला आहे आणि माझ्यावर क्वचितच कुणी बसतं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. यंत्राला जुनं व्हावंच लागतं. वाईट वाटतं ते त्या सकाळचं, जेव्हा एक हात माझ्या पडद्यावर थांबला होता आणि समोर बसलेल्या शीतलने मान वर करून पाहिलं नव्हतं.

म्हणून, मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आपल्या माणसाचं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं धरून चालू नका. परक्याला विचारता तेवढ्या आस्थेने त्यालाही विचारा. आणि तुमच्या घरात जर कुणी असं असेल, ज्याच्यावर सगळे बोट ठेवतात आणि जो उलटून काही बोलत नाही, तर त्याच्याजवळ आज जाऊन बसा. आजच बसा. तो माणूस ऐकायला अजून घरात आहे.